टीव्हीवर 'शुगर मुळापासून घालवा' दिसतं, मग डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची जाहिरात का दिसत नाही?

आज एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घरात कुणाची ना कुणाची शुगरची, बीपीची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेलच. त्या गोळीची जाहिरात तुम्ही टीव्हीवर कधी पाहिली आहे का? आठवून बघा. नाही ना?

आता दुसरा प्रश्न. 'शुगर मुळापासून घालवा', 'ऑपरेशनशिवाय गुडघे ठणठणीत', 'तीन महिन्यांत उंची वाढवा' असलं काही टीव्हीवर पाहिलंय का? हे मात्र रोज दिसतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठचा. आमच्याकडे आजही बऱ्याच घरांत टीव्ही सगळ्यांनी मिळून बघायची वस्तू आहे. मोबाइल ज्याचा त्याचा असतो, पण संध्याकाळची मालिका आजी, आई, वडील, पोरं अशी सगळी एकत्र बघतात. बऱ्याच छतांवर फ्री डिशची छत्री आहे, कारण एकदा बसवली की महिन्याचा खर्च नाही. अशा घरात जी जाहिरात लागते ती एकाच वेळी तीन पिढ्या बघतात. म्हणून हा विषय आपल्यासारख्या मोबाइलवाल्या पोरांनी नीट समजून घेणं गरजेचं आहे.

## खरी औषधं टीव्हीवर का येत नाहीत?

घरातली एखादी गोळ्यांची स्ट्रिप घ्या आणि उलटी करा. डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसते का? जवळच इंग्रजी 'आर' अक्षराच्या पायाला काट मारल्यासारखी खूण असते. तिला 'आरएक्स' म्हणतात. ही खूण म्हणजे हे औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही.

आपल्या औषध नियमांत अशा औषधांच्या याद्या आहेत. त्यांना शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स म्हणतात. शुगर, बीपी, अँटिबायोटिक, झोपेच्या गोळ्या अशी बहुतेक औषधं यातच येतात. एच-१ मधलं औषध विकलं की दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. या तिन्ही याद्यांतल्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून तुमच्या आजीची गोळी टीव्हीवर दिसत नाही.

सगळ्या जगात असंच आहे असं नाही. अमेरिका आणि न्यूझीलंड या दोन देशांत चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात थेट लोकांसमोर करता येते. अमेरिकेत १९९७ मध्ये नियम सैल झाले आणि टीव्हीवर अशा जाहिरातींचा पूर आला. तिथे जाहिरातीत हसरं कुटुंब बागेत फिरत असतं आणि मागून एक आवाज भराभर दुष्परिणाम वाचत असतो. 'व्हायॉक्स' नावाची दुखण्यावरची गोळी अशीच जाहिरातीच्या जोरावर घराघरांत गेली. १९९९ मध्ये बाजारात आलेली ही गोळी हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढवते म्हणून सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीला परत घ्यावी लागली. जाहिरात बघून डॉक्टरांकडे औषध मागायची सवय लागली की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

आपल्याकडे हे दार बंद आहे आणि ते चांगलंच आहे. पण त्यातून एक विचित्र परिस्थिती तयार झाली. ज्या गोळीच्या चाचण्या झाल्या, जिच्यावर डॉक्टरांचं लक्ष असतं, ती टीव्हीवर बोलू शकत नाही. आणि जी वस्तू औषधासारखी दिसते पण ते औषध नाही, ती मात्र तासभर बोलते.

## मग टीव्हीवर दिसतं ते नेमकं काय?

ढोबळमानाने पाच प्रकार धरा.

१. चिठ्ठी न लागणारी औषधं. डोकेदुखीची गोळी, अँटासिड, सर्दीचा बाम वगैरे. आपल्याकडे 'ओटीसी' अशी वेगळी कायदेशीर यादीच नाही. एच, एच-१, एक्स मध्ये जे नाही ते चिठ्ठीशिवाय मिळतं, एवढंच.

२. आयुर्वेदिक परवान्यावरची उत्पादनं. तुमच्या घरातली व्हिक्सची निळी डबी उलटून बघा, तिच्यावरही आयुर्वेदिक औषध असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे नुसत्या वेष्टनावरून प्रकार ओळखू येत नाही.

३. फूड सप्लिमेंट. पावडर, कॅप्सूल, सिरप. दिसायला अगदी औषध, पण कायद्याने हे अन्न. यावर एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक असतो.

४. यंत्र, कवच, लॉकेट. ही औषधं नाहीतच, पण आजार बरा होईल असं सांगून विकली जातात.

५. आजाराची 'जागरूकता'. यात औषधाचं नावच नसतं. 'पन्नाशीनंतर नागीण होऊ शकते, डॉक्टरांशी बोला' किंवा 'लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांना विचारा' एवढंच सांगतात. माहिती खरी असू शकते. फक्त ती कुणाच्या पैशाने दाखवली जातेय, ते कोपऱ्यातलं नाव वाचून बघा. वजन कमी करणारी मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. दोन्ही चिठ्ठीवरचीच आहेत. म्हणून वजनाची 'जागरूकता' दिसली की ते नाव वाचायची सवय लावून घ्या.

## कायदा १९५४ चा, पण तुमच्या मोबाइललाही लागू

'औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा' १९५४ साली आला. तेव्हा भारतात टीव्ही नव्हता. दिल्लीत तो १९५९ मध्ये सुरू झाला आणि मुंबईत १९७२ मध्ये. तरीही कायदा लिहिणाऱ्यांनी जाहिरातीची व्याख्या भारी केली आहे: पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, आणि प्रकाश, आवाज किंवा धूर निर्माण करणाऱ्या कुठल्याही साधनाने केलेली घोषणा! टीव्ही म्हणजे प्रकाश आणि आवाजच की. तुमचा मोबाइलही तेच.

या कायद्याला ५४ आजारांची यादी जोडलेली आहे. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, मोतीबिंदू, लठ्ठपणा, संधिवात, लकवा, स्त्रियांचं वंध्यत्व, एवढंच काय तर 'उंची' सुद्धा त्यात आहे. अमुक औषधाने हे बरं होतं अशी जाहिरातच करायची नाही. मग ते अ‍ॅलोपॅथी असो की आयुर्वेद. ताईत, मंत्र, कवच यांना हा कायदा 'जादुई उपाय' म्हणतो आणि त्यांच्याही अशा जाहिरातींना बंदी करतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर एक वर्षापर्यंत.

केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतही आहे की उत्पादनात चमत्कारिक, सिद्ध करता न येणारा गुण आहे असं जाहिरातीतून सुचवायचं नाही. आणि जाहिरात ही कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे.

यातली एक गंमत बघा. डिसेंबर २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सांगितलं की कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत दाखवू नका. कारण काय, तर मुलं बघतात. मग काही दिवसांनी सगळ्याच जाहिरातींना हे लागू नाही असा खुलासाही केला. कंडोमची जाहिरात लागली की आपल्याकडे सगळे इकडेतिकडे बघायला लागतात, रिमोट शोधतात. पण 'इन्सुलिन सोडा' लागलं की कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही, उलट आवाज वाढवतात. नुकसान कशाने जास्त होतं, याचा विचार करा.

## कोर्टात काय झालं?

पहिला निकाल आपल्या भागातला आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या हद्दीत आपला परभणी जिल्हाही येतो, चमत्काराचा दावा करून टीव्हीवर यंत्रं विकणं बेकायदेशीर ठरवलं. आधार होता महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. वस्तू विकणाऱ्यासोबत अशी जाहिरात दाखवणारी वाहिनीही जबाबदार, असं न्यायालयाने सांगितलं.

दुसरं प्रकरण देशभर गाजलं. इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीला अवमानाची नोटीस निघाली आणि एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये माफी स्वीकारून अवमानाचा भाग संपला. दरम्यान मे २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जाहिरात दाखवण्याआधी जाहिरातदाराने 'ही दिशाभूल करणारी नाही' असं स्वयंघोषणापत्र द्यावं. जुलैमध्ये सरकारने ते अन्न आणि आरोग्य क्षेत्रापुरतं ठेवलं.

आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी राज्याची मंजुरी घ्यायचा एक नियम २०१८ मध्ये आला होता, नियम १७०. तो केंद्राने जुलै २०२४ मध्ये काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला काही काळ स्थगिती दिली, पण ऑगस्ट २०२५ मध्ये सगळं प्रकरणच बंद झालं. १९५४ चा कायदा मात्र जागच्या जागी आहे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना या कायद्याखाली लोकांच्या तक्रारींसाठी दोन महिन्यांत यंत्रणा उभी करायला सांगितलं होतं.

मुद्दा काय, तर जाहिरात टीव्हीवर लागण्याआधी सरकारी माणूस बसून तपासतो, हा समज चुकीचा आहे. स्वयंघोषणापत्र म्हणजे जाहिरातदाराने स्वतःच दिलेला शब्द.

## हा समज किती महागात पडतो

हे आमच्याच घरात घडलं. आजी ७२ वर्षांची, दहा वर्षांपासून शुगरची गोळी चालू. दुपारी सगळे शेतात किंवा कामावर, तिला सोबत टीव्हीची. एका वाहिनीवर अर्ध्या तासाचा 'कार्यक्रम' लागायचा. पांढरा कोट घातलेला माणूस, समोर रडणारी-हसणारी माणसं, खाली फोन नंबर. तिने मिस्ड कॉल दिला. पलीकडून एक मुलगी गोड बोलली, 'आजी आजी' म्हणाली आणि तीन बाटल्या घरपोच आल्या, पैसे हातात घेऊन. फोनवर सांगितलं होतं, इंग्रजी गोळ्या हळूहळू बंद करा.

आजीने त्या हळूहळू नाही, एकदमच बंद केल्या. कुणाला बोलली नाही. तीनेक आठवड्यांत तहान वाढली, रात्री चार-चार वेळा उठायला लागली, पायाला लागलेलं बरं होईना. तपासली तर शुगर साडेतीनशेच्या वर. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण पायाची जखम भरायला दीड महिना गेला. रोज पट्टी. जखमेने अजून थोडं खाल्लं असतं तर बोट जाऊ शकत होतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

बाटलीच्या मागे बारीक इंग्रजीत छापलं होतं: औषधी वापरासाठी नाही. म्हणजे अन्नाच्या परवान्यावरची वस्तू. टीव्हीवर जे मोठ्या आवाजात सांगितलं, ते बाटलीवरच खोडलेलं होतं.

मी आजीला विचारलं, तू विश्वास कसा काय ठेवलास? ती म्हणाली, "टीव्हीवर खोटं कसं दाखवतील रे? सरकार बघतंय की समदं." तिच्या डोक्यात टीव्ही म्हणजे बातम्या, आणि बातम्या म्हणजे खरं. अर्धा तास वेळ विकत घेऊन कुणीही बोलू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

## मिस्ड कॉल दिल्यावर काय होतं?

टीव्हीची जाहिरात एकतर्फी असते. ती कुणी बघितली हे विक्रेत्याला कळत नाही. मिस्ड कॉल दिला की ते कळतं. आता त्यांच्याकडे तुमचा नंबर आहे, आणि तुम्ही कुठल्या जाहिरातीवर फोन केलात त्यावरून घरात कुणाला काय आजार आहे याचा अंदाजही. पुढचे फोन त्या आजारासाठीच येतात. नंबरावर नको असलेले फोन वाढले तर १९०९ वर डीएनडी नोंदवा.

मोबाइलवर गोष्ट थोडी वेगळी आहे. केबलवर सगळ्या गावाला एकच जाहिरात दिसते, यूट्यूबवर प्रत्येकाला वेगळी. गूगलच्या धोरणानुसार भारतात चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात चालत नाही, आणि आजारपणाची माहिती वापरून जाहिरातदाराने माणूस हेरायचा नाही असंही त्यात आहे. तरी 'नैसर्गिक उपाय' म्हणून बरंच काही निसटून येतं. त्यात आता एआयची भर. डॉ. देवी शेट्टी, डॉ. नरेश त्रेहान यांच्यासारख्या नामवंत डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज वापरून केलेले बनावट व्हिडिओ फिरले आहेत. तेव्हा 'मोठे डॉक्टर स्वतः सांगतायत' हा पुरावा राहिलेला नाही.

## हातातल्या मोबाइलने तपासायचं कसं?

पायरी १: लेबलचा फोटो काढा आणि झूम करा. एफएसएसएआयचं चिन्ह दिसलं तर ते अन्न. त्याने कुठलाही आजार 'बरा' होण्याचा दावा खोटा समजा. 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळ शोधा. इंग्रजी वाचता येत नसेल तर गूगल लेन्सने भाषांतर करा.

पायरी २: क्यूआर कोड स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० मोठ्या औषध ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचं मूळ नाव, कंपनी, बॅच, मुदत आणि परवाना क्रमांक मिळतो.

पायरी ३: शब्द पकडा. 'मुळापासून', 'शंभर टक्के', 'गोळ्या बंद', 'साइड इफेक्ट नाही'. त्यासोबत ५४ आजारांपैकी एखाद्याचं नाव आलं की जाहिरात बेकायदेशीर असण्याची दाट शक्यता.

पायरी ४: यूट्यूबवर जाहिरात आली तर तिच्यावरच्या तीन टिंबांवर किंवा 'आय' खुणेवर टॅप करा. जाहिरातदार कोण ते दिसतं, ब्लॉक आणि रिपोर्ट करता येतं. 'माय अ‍ॅड सेंटर'मध्ये वजन कमी करण्याच्या जाहिराती कमी करायचा पर्यायही आहे. घरच्या स्मार्ट टीव्हीवर तुमचंच खातं असेल तर हे सेटिंग तुम्हीच मोबाइलवरून करू शकता.

## तक्रार कुठे करायची?

आधी पुरावा: टीव्हीच्या पडद्याचा व्हिडिओ, वाहिनीचं नाव, तारीख, वेळ. वस्तू घरात आली असेल तर लेबल आणि पावतीचा फोटो. मग यातलं जमेल ते:

- जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या एएससीआय संस्थेचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर: ७७१०० १२३४५
- ग्राहक व्यवहार विभागाचं 'गामा' पोर्टल, जे खास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी आहे
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५
- महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन: १८०० २२२ ३६५
- आयुर्वेदिक उत्पादन असेल तर मे २०२५ मध्ये सुरू झालेलं 'आयुष सुरक्षा' पोर्टल

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यालाही तो होऊ शकतो.

## घरच्यांशी बोलायचं कसं?

'तुला काही कळत नाही' असं म्हणाल तर पुढच्या वेळी बाटली कपाटात लपवली जाईल. आयुर्वेद वाईट असंही म्हणू नका, भांडण तिकडेच वळतं आणि मूळ मुद्दा राहतो. त्यापेक्षा जाहिरात लागली की सोबत बसा आणि दोनच प्रश्न विचारा: हे औषध आहे की अन्न? आणि हे घेताना आपली चालू गोळी बंद करायला सांगतात का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर बाटली घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की बंद, हे फक्त तपासणी करणारा डॉक्टर ठरवतो. इन्सुलिन चालू असलेल्यांनी तर ते अचानक सोडणं जीवावर बेतू शकतं.

आणि एक काम आजच करा. घरात ज्यांची गोळी रोजची आहे त्यांच्या स्ट्रिपचा फोटो काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा गोळ्या मोजा. किती उरायला पाहिजेत आणि किती उरल्या, हे जुळलं नाही तर शांतपणे विचारा. कुणी गुपचूप गोळी सोडली असेल तर ते पायाला जखम होण्याआधी कळेल.

लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर पाठवा. वाचायचा कंटाळा करणारे असतील तर त्यांना तो वाचून दाखवा.